दाराखालून सरकवायचं नाही

परवा सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं, आणि दाराखालून एक कागद सरसर आत आला. टाकी धुणार आहेत, अमक्या दिवशी पाणी नाही, असलं काहीतरी. माझं टाळकंच सटकलं. दार उघडून बघते तर वॉचमन पुढच्या दाराशी वाकलेला. त्याला हाक मारली, तो कागद त्याच्या हातात परत दिला आणि म्हटलं, आता दार वाजव, माझ्या हातात दे, मी वाचते आणि मग जा. म्हातारीला चळ लागला असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेजारची सून बाहेर आली आणि म्हणाली, काकू, पाण्याची तर नोटीस आहे, एवढं काय त्यात? एवढं काय त्यात म्हणे! ते सांगायला धोंडीभाऊ हवे होते. ते नाहीत, म्हणून मी सांगते.

साठ सालच्या मागेपुढे लोणावळ्यात, वलवणच्या अंगाला, आमची सहकारी सोसायटी उभी राहिली. तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं. निम्मे सभासद रेल्वेतले, म्हणजे ड्रायव्हर, गार्ड, रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले. उरलेले आम्ही शाळा-कचेरीवाले. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. अक्षर चांगलं, एवढ्या एका गुणावर मला कमिटीत सहचिटणीस करून टाकलं होतं. सहचिटणीस म्हणजे काय, तर अध्यक्षांनी सांगायचं, सेक्रेटरींनी मान डोलवायची आणि मी लिहायचं. कार्बन घालून एका दाबात चार प्रती निघत. सहा वेळा लिहिलं की चोवीस. बोटं दुखून यायची, पण कमिटीतल्या एकाही पुरुषाला कधी वाटलं नाही की आपणही एक दाब लिहावा. यांची अक्षरं म्हणे वाईट. अक्षर वाईट असलं की किती सोयीचं असतं बघा.

लिहिलेल्या नोटिसा वाटायला माणूस हवा होता. रेल्वेवाल्या सभासदांनी धोंडीभाऊंना आणलं. जवळच्या औंढे गावचे राहणारे, साठीचे, काटक. रोज शेताच्या बांधावरून चालत यायचे. अंगात रेल्वेचा जुना खाकी कोट, त्याची चार बटणं पितळेची आणि पाचवं सदऱ्याचं. काखेत मेणकापडात गुंडाळलेली नोटिसांची वही, वहीला सुतळीनं बांधलेली जांभळी पेन्सिल. लोणावळ्याच्या पावसात माणसं भिजून चिंब व्हायची, घरातल्या भिंतींना बुरशी यायची, पण त्या वहीचं पान कधी दमट लागलं नाही.

रेल्वेत ते कॉलमन होते. हे काम आता कुणाला माहीत नसेल. ड्रायव्हर-गार्डांच्या ड्युटीला त्या काळी ठरलेली वेळ नसायची. गाडी येणार असली की तिच्या दोन तास आधी कॉलमन त्यांच्या घरी जायचा, माणसाला उठवायचा, वहीत वेळ घालून त्याची सही घ्यायचा. धोंडीभाऊंनी तीस वर्षं हेच केलं होतं, आणि आमच्या नोटिसाही ते त्याच थाटात वाटू लागले. दोन टकटका द्यायच्या आणि थांबायचं. तिसरी नाही. ज्याच्या नावाची नोटीस त्याच्याच हातात द्यायची, बायकोच्या नाही, मुलाच्या नाही. मग म्हणायचं, वाचा. माणूस मनातल्या मनात वाचायला लागला की म्हणायचं, मोठ्यांदा वाचा. वाचून झालं की विचारायचं, काय समजलं? त्यानं सांगितलं की मगच पेन्सिल पुढे यायची. स्वतः धोंडीभाऊंना आकडे आणि नावं सोडली तर फारसं वाचता येत नव्हतं. पण चोवीस घरांच्या चोवीस सह्या त्यांना तोंडओळखीच्या होत्या, कुणाची वेलांटी कुठे वळते इथपर्यंत.

लोक वैतागायचे. मीही वैतागायचे, खोटं कशाला सांगू. शाळेची घाई, गॅस नाही, स्टोव्ह भडकतोय, आणि हा माणूस दारात उभा राहून विचारतोय, काय समजलं? मी एकदा तडकून म्हटलं, अहो धोंडीभाऊ, मीच लिहिलीय ती नोटीस! त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. लिवनं येगळं आन मिळनं येगळं, असं म्हणाले आणि उभे राहिले. मला माझंच पत्रक मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं.

अध्यक्षांशी तर पहिल्याच महिन्यात ठिणगी पडली. ते कुठल्याशा सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आणि आपण सोसायटीत राहतो म्हणजे सोसायटीवर उपकार करतो असा एकूण आविर्भाव. त्या दिवशी ते आंघोळीला गेले होते. त्यांच्या बायकोनं हात पुढे केला, द्या इकडे, मी सही करते. धोंडीभाऊ म्हणाले, "न्हाई वैनी. ड्युटीवर तुमी जानार हाय का?" आणि जिन्याच्या पायरीवर बसले. अध्यक्षांची आंघोळ, मग पूजा, मग नाष्टा. पाऊण तासानं ते टॉवेलानं तोंड पुसत बाहेर आले, तेव्हा हे उठून उभे. वाचा, म्हणाले. अख्खा जिना ऐकत होता, आणि अध्यक्ष मोठ्यानं वाचत होते की जिन्यात ओल्या छत्र्या ठेवू नयेत. तो अपमान त्यांनी गाठीला बांधून ठेवला. मला तेव्हा नुसती मजा वाटली.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. कार्बनची चौथी प्रत अगदी फिकी निघायची, वाचताना डोळे फोडावे लागत. मी गठ्ठा करताना वरची ठळक प्रत अध्यक्षांसाठी ठेवायची आणि सगळ्यात फिकी तळमजल्याच्या मागच्या बाजूला, पार्वतीबाईंना. का? तशी कुणी सूचना दिली नव्हती. माझं मीच ठरवलं होतं. पार्वतीबाई सांध्यावर काम करणाऱ्या माणसाची बायको, माहेर भाजे गावचं, वाचता जेमतेम येणार, तर त्यांना काय करायचंय ठळक अक्षर, असं माझ्या शिकलेल्या डोक्यात असणार. एकदा अध्यक्षांनी तक्रार केली की मला हल्ली पुसट प्रत येते. मी धोंडीभाऊंना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की गठ्ठा ते बदलतात. ज्याला वाचायला जड जातं त्याला ठळक कागद. साहेबांना चष्मा हाय. मी चौदा वर्षं मुलींना शिकवत होते, आणि हे मला एका कॉलमननं सांगावं लागलं. राग आला होता मला, त्यांचाच.

त्या दिवशी मी त्यांना चहा दिला आणि विचारलं की एवढा हट्ट कशासाठी. तेव्हा त्यांनी ती हकीकत सांगितली. पहाटेच्या मालगाडीसाठी ते एका ड्रायव्हरच्या घरी गेले होते. ड्रायव्हरला दोन दिवस ताप. भावानं दार उघडलं, म्हणाला दादा आत्ताच निजलाय, मी उठवतो, वही आण, सही मी करतो. पाऊस होता, अजून चार घरं व्हायची होती. धोंडीभाऊंनी भावाची सही घेतली आणि पुढे गेले. भाऊ टेकला आणि त्यालाच झोप लागली. गाडी उभी राहिली. चौकशीत वही उघडली तर सही आहे, वेळ आहे. धोंडीभाऊ सांगत राहिले की सही भावाची आहे. पण विचारणाऱ्यांना सही आहे की नाही एवढंच हवं होतं. ड्रायव्हरची नोकरी गेली. तो घाटाखाली आपल्या गावी राहायला गेला. धोंडीभाऊ दर दिवाळीला त्याच्याकडे जात, आणि तो दार उघडत नसे.

"वहीत त्यो जागा व्हता, बाई," ते म्हणाले. "आन घरात त्यो निजला व्हता."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं, माझ्या ओट्याशी उभी राहून. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे मी काय केलं ते नीट कळेल.

पार्वतीबाईंचे यजमान त्याच हिवाळ्यात गेले. दोन खोल्या त्यांच्या नावावर होत्या. त्या पार्वतीबाईंच्या नावावर व्हायच्या तर वारस म्हणून अर्ज करायचा, सोबत दोन-चार दाखले जोडायचे. बाईंना ते कुणी सांगितलं नाही. आणि नेमकं त्याच वेळी अध्यक्षांच्या भाच्याला लोणावळ्यात नोकरी लागली आणि त्याला जागा हवी झाली. भाचा दोनदा येऊन आवार फिरून गेला. मागच्या खिडकीतून आत डोकावून गेला. त्या घरात अजून माणूस राहतं याची मेल्याला शरम नाही.

पार्वतीबाई दर आषाढात भाताच्या लावणीला भाज्याला माहेरी जायच्या. घराला कुलूप, तीन आठवडे. हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं, अध्यक्षांना तर पक्कं. जूनमध्येच कमिटीनं एक नवा नियम केला. दारास कुलूप असल्यास नोटीस शेजाऱ्याकडे द्यावी अथवा दाराखालून सरकवावी, ती पोचली असे समजण्यात येईल. समजण्यात येईल! मीच लिहिलं ते, माझ्या सुरेख अक्षरात, शिरोरेषा ओढून. कुणी समजायचं, कुणाच्या वतीनं समजायचं, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. मला वाटलं, बरं झालं, धोंडीभाऊंचे खेटे वाचतील.

बाई भाज्याला गेल्या आणि तिसऱ्या दिवशी नोटीस निघाली. पंधराव्या दिवशी खास सभा. वारसाने अर्ज व दाखल्यांसह हजर राहावे, न राहिल्यास खोल्या पुढील अर्जदारास देण्यात येतील. धोंडीभाऊंनी तेवीस घरी दिली आणि चोविसावी घेऊन परत आले. कुलूप आहे, भाज्याला जाऊन देतो, म्हणाले. सेक्रेटरींनी सांगितलं की काही गरज नाही, नवा नियम आहे, दाराखालून सरकवा. धोंडीभाऊ म्हणाले की तसं मी करत नाही. बराच वेळ वाद झाला. शेवटी सेक्रेटरींनी कागद आणि वही त्यांच्या हातातून घेतली, बाईंना कळवायची व्यवस्था करतो म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी माझ्या दारात आले. मी तपासायच्या वह्यांचा ढीग घेऊन बसले होते. तुम्ही शेजारी, तुमच्याकडे ठेवा, त्यांना कळवा आणि इथे सही करा, एवढंच ते म्हणाले. मी लाल पेन्सिल खाली ठेवली, जांभळी उचलली आणि लिहिलं, पार्वतीबाईंकरिता. खाली माझी सही. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

पोस्टकार्ड मात्र लिहिलं हो मी! दुसऱ्याच दिवशी लिहिलं. ते माझ्या पर्समध्ये अकरा दिवस राहिलं. शाळेच्या वाटेवर पोस्टाची पेटी, रोज तिच्यावरून जायची मी, सकाळ-संध्याकाळ. पाऊस, घाई, चाचणी परीक्षा. सबबी मोजत बसले तर रात्र होईल. आज इतक्या वर्षांनी अध्यक्षांना शिव्या घालताना मला गोड लागतात, पण त्या पर्सची आठवण आली की शिव्या तोंडातच राहतात.

सभेच्या दोन दिवस आधी दारावर दोन टकटका झाल्या. सभेअगोदर धोंडीभाऊ वही ताब्यात घेऊन एकेक सही तपासायचे. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"कळवलंत न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी फणकारले. तुम्ही कोण मला विचारणारे, कमिटीत मी आहे की तुम्ही, असं बरंच बोलले. त्यांचं बोट सहीवरच होतं. माझं बोलणं संपलं तेव्हा मी आत गेले, पर्स उघडली आणि कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं. कोपरे दुमडलेले, वर पोस्टाचा शिक्का नाही. त्यांनी ते मेणकापडात घातलं आणि स्टेशनची वाट धरली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पॅसेंजरनं मळवली स्टेशनला उतरून ते भर पावसात भाज्याला गेले. पार्वतीबाई खाचरात गुडघाभर चिखलात होत्या. हे बाईंनीच मला नंतर सांगितलं. धोंडीभाऊंनी त्यांना बांधावर बोलावलं, बाईंच्या भावाकडून कार्ड मोठ्यानं वाचून घेतलं, काय समजलं ते बाईंच्या तोंडून वदवून घेतलं. मग बाईंनी लुगड्याला हात पुसून वहीत स्वतःचं नाव काढलं. त्यांना नाव काढायला वेळ लागायचा. तेवढा वेळ धोंडीभाऊ वहीवर छत्री धरून उभे राहिले आणि स्वतः भिजले.

सभा तळमजल्याच्या पॅसेजमध्ये, सतरंज्या टाकून. भाचा मागे खुर्चीत येऊन बसलेला. पार्वतीबाई आल्या, पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, पदर डोक्यावर. अध्यक्षांनी अर्ज मागितला. बाई म्हणाल्या, मला परवा कळलं, दाखले आणायला दिवस द्या. अध्यक्ष हसले. वही उघडली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. चौदा दिवसांपूर्वीची सही आहे, शेजाऱ्याकडे दिलेली, नियमात बसणारी. आता कळलं नाही म्हणून चालणार नाही.

धोंडीभाऊ जिन्यापाशी उभे होते. ते सभासद नव्हते, त्यांना बोलायचा अधिकार नव्हता, आणि ते कधी बोलतही नसत. त्या दिवशी बोलले, आवाज न चढवता.

"ती सही ह्या शाळंच्या बाईंची हाय," माझ्याकडे हात करून ते म्हणाले. "मग घर ह्या बाईंचं घेनार हाय का?"

अध्यक्ष ओरडले की याला कुणी बोलायला सांगितलं, याला बाहेर काढा. कुणी हललं नाही. मग एक म्हातारे ड्रायव्हर उठले. ते म्हणाले की माझी उभी हयात कॉलच्या वहीवर गेली, माझ्या जागी भावानं सही केली म्हणून मला कुणी घरी बसवलं असतं तर ते मी चालवून घेतलं नसतं, आणि हेही चालवून घेणार नाही. त्यांच्या मागे एक गार्ड उठले. शाळा-कचेरीवाले आम्ही मात्र सतरंजीकडे बघत बसलो होतो. आम्हाला नियम कळत होता. रेल्वेवाल्यांना काय चाललंय ते कळत होतं. मग मी उठले. तिसरी. हे मी लपवत नाही. सही माझी आहे, मी त्यांना कळवलं नाही, एवढंच बोलले.

सभा रद्द झाली. नवी नोटीस निघाली, ती धोंडीभाऊंनी पार्वतीबाईंच्या हातात दिली, दाखले जमले, खोल्या त्यांच्या नावावर झाल्या. भाच्यानं दुसरीकडे जागा बघितली. इथवर आलं की ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. मला नाही वाटत.

महिन्याभरात कमिटीनं ठराव केला. येत्या एक तारखेपासून नोटिसा वाटण्यास स्वतंत्र माणूस ठेवला जाणार नाही, नोटिसा दाराखालून सरकवण्यात येतील. मी पेन्सिल टेबलावर आपटली आणि म्हटलं, हे मी लिहिणार नाही. पहिल्यांदाच. मग सेक्रेटरींनी स्वतः लिहिलं, त्यांच्या त्या किडामुंगीच्या अक्षरात, आणि त्या चोवीस प्रती वाटायला दिल्या कुणाकडे? धोंडीभाऊंकडे. एवढी सुद्धा लाज नसावी माणसाला.

ते सकाळीच माझ्याकडे आले. दोन टकटका. हे काय लिवलंय ते लागत न्हाई, दारोदार इचारतील, तुमी वाचून दावा, असं म्हणाले. मी वाचलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे मी न्हाई," ते म्हणाले.

मी म्हटलं की मी हा कागद फाडून चुलीत घालते. त्यांनी मान हलवली. "फाडायचं न्हाई. वाचायचं, सही करायची. पटत नसंल तर मीटिंगमदी बोलायचं." आणि पेन्सिल पुढे केली. मी सही केली. मीटिंगमध्ये पुढे आमच्यापैकी कुणी बोललं नाही, हेही इथेच सांगून टाकते.

मग ते घरोघर गेले. रविवार होता, सगळे घरीच. खाली मला एकेक दार ऐकू येत होतं. दोन टकटका, कडी, आणि मग कुणाचा तरी आवाज, अडखळत, मोठ्यानं, धोंडीभाऊंना काढल्याची नोटीस धोंडीभाऊंना वाचून दाखवणारा. म्हातारे ड्रायव्हर अर्ध्यावर थांबले, पुढे त्यांच्याच्यानं वाचवेना. धोंडीभाऊ त्यांच्या दारातही थांबून राहिले, पुरं होईपर्यंत. पार्वतीबाईंना मी वाचून दाखवलं. त्यांनी नाव काढलं आणि पदर तोंडात धरून आत गेल्या.

शेवटी तिसरा मजला. अध्यक्षांच्या घरात रेडिओ चालू होता. दोन टकटका झाल्या आणि रेडिओ बंद झाला. दार उघडलं नाही. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा धोंडीभाऊ पायरीवर बसले होते, मांडीवर वही, शेजारी निथळणारी छत्री. घरात हायत, येतील, म्हणाले. दुपारी डोकावले, तिथेच. दिवे लागायच्या वेळेला गेले, तिथेच. मला राहवलं नाही. मी म्हटलं, धोंडीभाऊ, त्यांचाच नियम आहे, द्या सरकवून एकदाचा आणि घरी जा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घालून जिना उतरले.

भात टाकून पुन्हा वर गेले तर पायरी रिकामी, नुसता छत्रीचा ओला डाग. मी वाकून अध्यक्षांच्या दाराखाली बघितलं. कागद नव्हता. तेवढ्यात जिन्याच्या झरोक्यातून ते खाली दिसले, खाकी कोट, काखेत मेणकापड, औंढ्याच्या वाटेला लागलेले. मी हाक मारली नाही.

वही त्यांनी कधीच परत केली नाही. कमिटीनं ती आणायला दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा त्यांनी एकच सांगून पाठवलं, की काम अजून पुरं झालेलं न्हाई, एक सही ऱ्हायलीया.